वैशाली मावशी, तुझ्या खिडकीतल्या फोटोबद्दल

मावशी,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजींनी पिंड मांडून हात मागे घेतला, तोच पिंपळावरून एक उतरला आणि भाताला चोच लावून गेला. घाटावरच्या सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मागून कोणीतरी म्हणालं, "कायबी इच्छा राह्यली न्हवती बाईची." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी त्या कावळ्यावर विश्वास ठेवत नाही. त्याला भूक लागली होती आणि भात ताजा होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तुझी इच्छा राहिली होती. निदान एक तरी राहिली होती आणि ती मला माहीत आहे. तुझ्या बाबतीत सगळ्यांचेच रिपोर्ट नॉर्मल येतात मावशी, मशिनचाही आला आणि कावळ्याचाही. माझा एकटीचा येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आपल्या घरात असं काही लिहायची वेळ आजवर कोणावर आली नाही. कॉलेजच्या सेमिनारला लिहिते तसं लिहायला गेले तर प्रस्तावनेपासून सुरुवात होईल आणि तू म्हणशील, "बाई, मुद्द्यावर ये. गॅस चालू हाय."

मुद्दा खिडकीतल्या फोटोचा आहे.

सुप्याच्या आपल्या खोलीत ओट्यासमोर खिडकी आहे, तिची एक काच फुटलेली होती. एमआयडीसीच्या बाजूनं वारा सुटला की शेगडीची ज्योत आडवी व्हायची. तू सासर कायमचं सोडून आमच्याकडे राहायला आलीस, त्याच आठवड्यात तू तुझ्या पत्र्याच्या पेटीतून एक मोठी काळी फिल्म काढलीस. कणकेची खळ शिजवलीस आणि ती फिल्म त्या फुटक्या काचेच्या जागी चिकटवून टाकलीस. आई ओरडली, "अगं वैशे, रिपोर्ट हाय त्यो! जपून ठीव." तू म्हणालीस, "लई जपला, अक्का. आता जरा कामाला येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन त्या फिल्ममधून आत आलं आणि मी पहिल्यांदा माणसाचा मेंदू पाहिला. ओळीनं मांडलेले, फ्लॉवरचे गड्डे मधोमध कापल्यासारखे करडे गोल. मी विचारलं, हे काय आहे? तू म्हणालीस, "माझं डोकं." मग त्याच्यात काय आहे? तू पीठ मळता मळता म्हणालीस, "कायच न्हाई म्हनं. एवढं आत शिरून बघितलं, तर कायच न्हाई सापडलं." मी शाळेत सगळ्यांना सांगितलं की माझ्या मावशीचं डोकं आमच्या खिडकीत आहे. बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. तुला आठवत असेल, तू किती हसलीस.

त्या फिल्मआधी पेढे होते. तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, पण ते मला आठवतात. मामाच्या गावी, देवळालीला, आपण सगळे ओट्यावर बसलो होतो. आबा, माझे आजोबा, तुला नगरला स्कॅनला घेऊन गेले होते. एसटीतून उतरल्यापासून त्यांनी हात वर धरला होता, त्यात पेढ्यांचा पुडा. "नॉर्मल! नॉर्मल हाय!" ते लांबूनच ओरडले. जणू तू परीक्षेत पास झाली होतीस. मारुतीपुढं पेढा ठेवला, मग आळीत वाटले. मलाही एक अख्खा मिळाला. तू त्यांच्या मागून येत होतीस. तू हसत होतीस की नाही, ते मात्र आठवत नाही. मी पेढ्याकडे बघत होते.

रिपोर्टमध्ये काही नाही तर गोळी कशाची, म्हणून आबांनी फिटच्या गोळ्या बंद केल्या. त्याच उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. सासरी कोणी काही सांगितलं नाही, कारण सांगायला काही उरलंच नव्हतं. कागदावर तू बरी होतीस. पहिली फिट आली तेव्हा ते घाबरले. दुसरी आली तेव्हा त्यांना रिपोर्टचं कळलं. मग तुझा नवरा ती फिल्म उजेडात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "बघा, हाय का कुठं काय? डॉक्टर म्हनतो कायच न्हाई. मंग ही पडती कशी? काम करायचा कंटाळा, दुसरं काय!" तू मला हे सांगताना त्याची नक्कल करायचीस, दोन्ही हातांनी हवेत फिल्म धरून, एक डोळा मिटून. आम्ही हसायचो. तू परातीकडे बघून हसायचीस, आमच्याकडे नाही.

तुझं नवं शहाणपण आमच्या गल्लीला झेपलं नाही. तुला फिट आली की शेजारच्या बायका कांदा घेऊन धावायच्या, एखादी चप्पल घेऊन. तू शुद्धीवर आलीस की कांद्याच्या वासानं डोळे पुसत म्हणायचीस, "बायांनो, हुंगवायचंच असंल तर मोगरा आना. मला एका अंगावर करा, डोक्याखाली कायतरी मऊ ठेवा आन गप बसा. तेवढं केलं तरी लई झालं." पुढं कॉलेजात आम्हाला प्रथमोपचार शिकवले, तेव्हा मी वहीत काही लिहून घेतलं नाही. मला पाठ होतं.

मोठी फिट क्वचित यायची. रोजची ती छोटी. आधी तुला जळकट वास यायचा, रबर जळल्यासारखा. तू हातातलं पीठ सोडायचीस आणि म्हणायचीस, "आलं गं." मग तुझे डोळे एका जागी थांबायचे. ओठ काहीतरी चाखल्यासारखे हलायचे आणि बोटं पदराचा काठ सारखा करत राहायची, फार मन लावून. मी तुझा हात धरून बसायचे. थोड्या वेळानं तू परत यायचीस आणि विचारायचीस, "कुनी आल्तं का?" एकदा मी विचारलं, मावशी, तू कुठे जातेस? तू विचार करून म्हणालीस, "कुठंच न्हाई. लाईट जाती फक्त."

आणि तरीही तू डबे सुरू केलेस. आई-दादा, दोघंही नको म्हणत होते. तुझ्या मनगटावर भाजल्याचा तो व्रण होताच, सासरच्या चुलीवरचा. तू वाद घातलास: आई तव्यापाशी, तू परातीपाशी, आगीजवळ तू एकटी कधीच जाणार नाहीस. गल्लीतल्या कोणी तुझ्याकडे डबा लावला नाही. फिट येणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाणार? कंपनीतल्या पोरांनी लावला, बीडची, परभणीची, बिहारची पोरं. तुझ्या भाकरीवर त्यांचा जीव होता. तू मात्र दर सोमवारी त्यांना तेच ऐकवायचीस, "पोरांनो, डबा धुवून देत चला. मी मावशी हाय, मोलकरीन न्हाई."

मी बारावी झाले आणि मेडिकल इमेजिंगला, म्हणजे स्कॅन काढायच्या कोर्सला, प्रवेश घेतला. आपल्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. दादांना वाटलं फोटोग्राफीचा कोर्स आहे. त्यांनी विचारलं, यात लग्नाच्या ऑर्डरी मिळतात का? तू त्या दिवसापासून मला फोटोवाली म्हणायला लागलीस. शनिवारी मी नगरहून घरी आले की दारातच विचारायचीस, "काय गं फोटोवाली, आज कुनाचं डोकं कापलं?"

"कापत नाही गं. चुंबक असतो मोठा."

"मंग इचार चिकटत असतील त्याला. सांभाळून बस."

मी हा कोर्स का घेतला ते तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत होतं असं मी धरून चालले. रोज सकाळी भाकरी खाताना ज्या खिडकीकडे बघत मी मोठी झाले, त्या खिडकीत काय दिसतं, ते मला शिकायचं होतं. मला ते 'काहीच नाही' वाचता यायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षाला मॅडमनी मला सेमिनारसाठी विषय दिला: फिट येते पण एमआरआयमध्ये काही दिसत नाही, अशी माणसं. मॅडमना तुझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी लायब्ररीत बसून वाचलं. इंग्रजी मला जड जातं, एकेक परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. पण या वेळी मी थांबले नाही. त्यात लिहिलं होतं की काही माणसांत आईच्या पोटात असतानाच मेंदूच्या वरच्या थराची एक लहानशी जागा वेगळी घडते. थोडी जाड राहते, तिची आतली कड पुसट असते. साध्या स्कॅनमध्ये ती नजरेतून निसटते. काप बारीक घेतले, वेगळ्या कोनातून घेतले, तर कधी सापडते. आता संशोधक संगणकाला अनेक माणसांच्या मेंदूंच्या प्रतिमा दाखवून शिकवतात. मग तो अशा 'काही नाही' म्हटलेल्या प्रतिमेत एखाद्या जागेवर बोट ठेवतो आणि डॉक्टर तिथं पुन्हा बघतात. कधी तिथं खरंच काही असतं. कधी संगणक चुकतो. कधी इतकं सगळं करूनही काही सापडत नाही. सापडलं तर काहींची शस्त्रक्रिया होते आणि गोळ्यांनी न थांबलेल्या फिट थांबतात. तुझ्या गोळ्या सुप्याला आल्यावर पुन्हा सुरू झाल्या होत्या, पण तुझ्या फिट त्यांनी कधीच पुरत्या थांबल्या नव्हत्या.

त्या शनिवारी मी पिशवी खाली न ठेवताच तुझ्यासमोर बसले.

"मावशी, भाकरी थापताना काठाला एखाद्या ठिकाणी पीठ जाड राहतं ना?"

"माझ्या न्हाई राहत. तुझ्या राहतं."

"बरं, माझ्या. ते वरून दिसतं का?"

"वरून न्हाई दिसत. तव्यावर टाकली का कळतं. तेवढ्याच जागी फुगत न्हाई."

"तसं असेल तुझ्या मेंदूत. एवढीशी जागा."

तुझे हात थांबले. मला वाटलं वास आला. पण तू खिडकीकडे बघत होतीस. "मंग हे काय हाय?"

"हे जाड कापांचे फोटो आहेत. दोन कापांच्या मधलं सुटून जातं."

तू बोटांचं पीठ झटकलंस. मग म्हणालीस, "म्हंजी आबांनी गावभर पेढे वाटले ते मधलं सोडून वाटले." आणि पुन्हा थापायला लागलीस.

मला वाटलं आता तू लगेच तयार होशील. मॅडमच्या ओळखीनं पुण्याला बारीक कापांचा स्कॅन होणार होता. तू नाही म्हणालीस. आपला सगळा उन्हाळा त्या वादात गेला, मावशी, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मी अजून तुझ्याशी भांडते. कॉलेजच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून भांडते.

"एकदा त्या मशिनीनं मला खोटी पाडली," तू म्हणालीस. "परत तिच्याच म्होरं जाऊन साक्ष देऊ?"

"या वेळी सापडेल."

"आन न्हाई सापडलं तर? तूबी म्हनशील, मावशी, नव्या मशिनीतबी काय न्हाई."

"मी नाही म्हणणार."

"तोंडानं न्हाई म्हननार. डोळ्यात येईल तुझ्या." मग तू हातातला गोळा परातीत आपटलास. "फिट मला येती. वास मला येतो. पडती मी. आन साक्षीदार कोन, चुंबक? मी सांगती ते पुरत न्हाई व्हय गं?"

मी म्हणाले की पुराव्याशिवाय लोक ऐकत नाहीत. तू म्हणालीस, "मंग लोकांचा स्कॅन काढ."

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते, तासाची घाई होती. तू मध्येच विचारलंस, "मशिनीत जाताना अंगावरचं समदं काढाया लावतात ना?"

"हो. मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना. धातूचं काही चालत नाही."

"मंगळसूत्र तर मी कवाच काढलंय," तू म्हणालीस. "एक काम कमी." आणि हसलीस. दारात कोणीतरी डबा मागत होतं, तू फोन ठेवलास.

तू येणार होतीस का? मला वाटतं तो होकार होता. पण तू विनोदही असाच करायचीस. हे मला आता कधीच कळणार नाही, आणि खरं सांगू, याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तुझाच.

आईला तू सकाळी सापडलीस, पालथी, उशीत तोंड. आदल्या दिवशीची परात घासून भिंतीला टेकवलेली होती. डॉक्टर म्हणाले, फिट येणाऱ्या माणसाला झोपेत असं अचानक मरण येऊ शकतं. मी ते वाचलं होतं. सेमिनारमध्ये त्यावर एक ओळ होती, मी ती पटकन वाचून पुढे गेले होते.

मामा देवळालीहून गाडी करून आला. तो दारातच बसला आणि लहान मुलासारखा रडला. मामा वाईट माणूस नाही, तुलाही माहीत आहे. दर हंगामात तुझ्यासाठी काकवीचा डबा आणणारा तोच. पण रडून झाल्यावर त्यानं तोंड धुतलं आणि आईला बाजूला घेतलं. मी आतच होते.

"अक्का, अटॅक आला म्हनायचं. झोपेत गेली, म्हंजी अटॅकच की."

"डॉक्टर तर म्हनला..."

"डॉक्टर गावात येनार हाय का सांगाया? पोरीचं अजून व्हायचंय, अक्का. मावशीला फिट म्हनल्यावर लोक पोरीतबी बघत्यात. माहिती न्हाई व्हय तुला?"

आई भिंतीला टेकून बसली होती. ती खूप हळू म्हणाली, "मागच्या टायमालाबी आपुन असंच केल्तं रे."

मी विचारलं, मागच्या वेळी काय केलं होतं? आईनं माझ्याकडे न बघता सांगितलं. स्कॅनला गेले तेव्हा तिथं काऊंटरवर आपल्या शेजारच्या गावचा पोरगा बसलेला होता. तुझ्या स्थळांची बोलणी चालू होती. पोरानं विचारलं, काय त्रास आहे? आबा म्हणाले, डोकं दुखतं. आत टेक्निशियननं विचारलं, तरी तेच. तुला त्यांनी आधीच बजावलं होतं, तू बोलायचं नाहीस. तू खाली मान घालून उभी राहिलीस.

मावशी, मी तीन वर्षं हे शिकते आहे. डोकेदुखीसाठी स्कॅन एका रीतीनं घेतात, फिटसाठी दुसऱ्या. काप वेगळे, कोन वेगळा, बघणाऱ्याची नजर वेगळ्या ठिकाणी. मशिनला जो प्रश्न विचारावा त्याचंच ते उत्तर देतं. आबांनी विचारलं, हिचं डोकं का दुखतं? मशिन म्हणालं, काही दिसत नाही. ते खरंच बोललं. फिटबद्दल त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. खरं सांगितलं असतं तरी त्या काळच्या स्कॅनमध्ये काही सापडलं असतं का? कदाचित नाही. पण मग पेढे तरी वाटले गेले नसते. गोळ्या बंद झाल्या नसत्या. आणि आयुष्यभर खोटी तू ठरलीस, जी त्या दिवशी एक शब्दही बोलली नव्हती.

तुझ्यासारखी धीट बाई तेव्हा गप्प का राहिली, हे तुला विचारायचं राहून गेलं. जेमतेम विशीची होतीस. माझ्याएवढी. मी असते तर बोलले असते का? नसतेच, असं मला दहाव्यापर्यंत वाटत होतं.

देवळालीच्या घाटावर दहाव्याला माईक होता, नेहमीसारखा. महाराजांचं प्रवचन झालं, कावळा शिवला, मग गावातल्या गुरुजींनी श्रद्धांजली सुरू केली. ते म्हणाले, "कष्टाळू, सोशिक वैशालीताईंचं हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं दुःखद निधन झालं." लोकांनी मान खाली घातली. मामा पायांकडे बघत होता. सोशिक! तुला! मग गुरुजी म्हणाले, अजून कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. ते असं विचारतात ते कोणी उठू नये म्हणूनच.

मी उठले. बायकांमधून वाट काढत जाताना कोणीतरी माझी ओढणी धरली, मग सोडली. माईकवाल्यानं मामाकडे पाहिलं. मामानं मान वर केली नाही, म्हणून त्यानं माईक माझ्या हातात दिला. त्याची खरखर पुलापर्यंत जात होती. मी जे म्हणाले ते फार थोडं होतं.

"माझी मावशी अटॅकनं गेली नाही. तिला फिट यायची. मिरगी म्हणतात ती. ती नाटक करत नव्हती. रिपोर्ट नॉर्मल आला, कारण खरं काय होतंय ते आपणच तिथं सांगितलं नव्हतं. ती शेवटपर्यंत खरं बोलत होती." पुढचं मी पाठ केलेलं सगळं विसरले. सेमिनारची सवय म्हणून शेवटी "धन्यवाद" म्हणाले. लोकांना काय करावं कळेना. एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवायला हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

मला वाटलं होतं, मी काहीतरी फोडलं. पण परत जाताना तुझी डब्याची पोरं घाटाच्या पायऱ्यांवर भेटली. सुट्टी टाकून आली होती, टेम्पो करून. त्यांतला बीडचा उंच पोरगा म्हणाला, "ताई, आमाला ठाव हुतं की. मावशीनं पहिल्याच दिवशी सांगितल्तं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हनली, मला फिट येती, भाकरीला न्हाई येत. चालत आसंल तर डबा लाव, न्हाईतर रस्ता धर."

तिथं मी रडले, मावशी. आधी नाही. म्हणजे एकदा गप्प बसवल्यावर तू पुन्हा कधीच गप्प बसली नाहीस. दर नव्या माणसाला, दारातच. आणि मी समजत होते की तुझ्यासाठी पहिल्यांदा मी बोलले.

गाडीत मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आता हिला कोन करून घेईल, अक्का?" आईनं पदर सारखा केला. "ज्याला भ्यायचं त्यो आधीच भ्यालेला बरा," ती म्हणाली. बस.

तुला एक सांगायचं राहिलं. मी ती फिल्म काढली. खळ इतकी पक्की होती की कोमट पाण्याचा बोळा फिरवत बसावं लागलं. नगरला ज्या स्कॅन सेंटरला मी आता शिकाऊ म्हणून आहे, तिथल्या सरांना दाखवली. उन्हानं आणि फोडणीच्या वाफेनं ती पिवळट झाली आहे. सरांनी ती दिव्याच्या पेटीवर लावली, चष्मा वर करून खूप वेळ पाहिली. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, कुठेतरी थांबेल म्हणून. ते थांबलं नाही. "यातून काही सांगता येणार नाही," ते म्हणाले. "आहे असंही नाही, नाही असंही नाही."

तू म्हणाली होतीस, माझ्या डोळ्यात येईल. नाही आलं. मी सरांच्या पेटीच्या काचेत बघून खात्री केली. ती एवढीशी जागा, पुसट कडेची, असेल किंवा नसेल, तुझ्यासोबत गेली. संशोधन पुढे जाईल, मशिन आणखी बारीक बघायला शिकेल, आणि मीही शिकेन. पण तुझं खरंपण मी त्याच्यावर टांगून ठेवणार नाही. फिल्म पुन्हा खिडकीला लावली आहे. आईनं डबे चालू ठेवलेत आणि वारा काही थांबत नाही.

परवा सेंटरला एक मुलगी आली, आईबरोबर. माझ्याहून लहान. चिठ्ठीवर डोकेदुखी लिहिलेलं. आत घेताना विचारायचं ते मी विचारलं: अंगात कुठे सळई वगैरे आहे का, ऑपरेशन झालंय का. मग दार लोटून घेतलं आणि विचारलं, "फिट येते का?"

"न्हाई न्हाई," आई घाईनं म्हणाली. "नुसतं डोकं दुखतं तिचं."

मुलगी फरशीकडे बघत होती. ती मान मला ओळखू आली.

मी म्हणाले, "माझ्या मावशीला यायची. आधी जळकट वास यायचा तिला."

मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं," ती म्हणाली. आईनं तिचा हात दाबला. घट्ट दाबला. मी पिनांसाठी वाटी पुढे केली. मग त्या आईनं स्वतःच हात सोडला.

मी तिच्या केसांतल्या पिना काढून वाटीत ठेवल्या आणि आतल्या खोलीत गेले. "सर, हिला फिट येते. काप बारीक घ्यावे लागतील."

सरांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "इथे तर डोकेदुखी आहे. फिट येते असं कोण म्हणतं?"

मी म्हणाले, "ती म्हणते, सर."